पोचल्याचा फोन

शालिनी केळकर मूळची सांगलीची. चंदीगडच्या एका सरकारी पंप कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. साल सत्त्याऐंशी, पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस, आज इथे गोळीबार तर उद्या तिथे बॉम्ब. खरड, पिंजौर अशा आसपासच्या गावांना पंप दुरुस्तीला गेलेल्या माणसाने पोचल्यावर आणि निघताना फोन करायचा, ही शिस्त तिनेच लावलेली. फोन आला नाही की बाई नाक्यापासून ढाब्यापर्यंत सगळ्यांना भंडावून सोडायची.

मग मुख्य कचेरीतून भागवत साहेब आले. त्यांनी भिंतीवर चौकटींचा भलामोठा तक्ता लावला. कुणाचं काम काय, कुणी कुणाला विचारायचं, सगळं आखलेलं. ऑपरेटरची चौकटच गायब! निघाल्याची नोंद वाहन विभागाकडे, परतल्याची आस्थापनेकडे, आणि शालिनी टपालात.

"साहेब, मधल्या वाटेचं कोण बघणार?"

"बाई, ते काम कुणाच्याच यादीत नव्हतं."

तिसऱ्याच आठवड्यात मेकॅनिक मोहन सकाळच्या बसने खरडला गेला. संध्याकाळी त्याची बायको कचेरीच्या दारात. "दीदी, ये अभी तक नहीं आए जी." वाहन विभाग म्हणाला, निघाल्याचं लिहिलंय. आस्थापना म्हणाली, परतला की लिहू. मेल्यांनो, माणूस आहे की पार्सल? शालिनीने फोन ओढला. चौथ्या फोनला मोहन सापडला, खरडच्या दवाखान्यात. बसवर गोळीबार झाला होता, मांडीत गोळी. चंदीगडला हलवायला गाडी पाठवा म्हणून तिथल्या नर्सने कंपनीत दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा "आमचा विभाग नाही" म्हणून कुणीतरी ठेवून दिला होता. सात तास गेले. पाय कापावा लागला.

महिन्याभराने भागवतांनी मोहनला नोकरीवरून काढायचा कागद टाइप करून घेतला. तो टपालात आलेला बघून शालिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक त्यांच्या खोलीत शिरली.

"लाज नाही वाटत?"

"मेकॅनिकच्या कामाला दोन पाय लागतात, केळकरबाई. यादीत तसंच आहे."

"मग ऑपरेटरची चौकट परत काढा आणि तिथे मोहनला बसवा. बसून करायचं काम आहे. फोन का उचलायचा, हे त्याला कुणी शिकवायला नको."

"आणि तुम्ही?"

बारा वर्षं ती खुर्ची तिची होती.

"मी राहते टपालात. चौकट आखल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

भागवतांनी तक्त्यावर चौकट आखायला पट्टी घेतली.