आमच्या शेवंतीची रात्र

हसाचं असंल तर आताच हसून घ्या, कावून की पुढं मले राग येणार आहे. आलाच आहे म्हणा! मी कामाले स्टील प्लांटात, भट्टीवर. पण हा किस्सा निघाला की भट्टी माह्या डोक्शात पेटते.

आमच्या भिलाईत पहाटे अंधारातच जे लोकं फिराले निघतात न, ते फिराले नाही निघत. हातात पन्नी राहते, प्लास्टिकची थैली. दुसऱ्याच्या गेटातून हात घालून फुलं तोडतात न वरून म्हणतात, "भगवान के लिए है." अरे, देवाले वाहाचं आहे तर स्वतः लाव न दोन झाडं! मी ओरडलो तर एक बाई मलेच म्हणते, "पाप लगेगा भैया." मले पाप! घ्या!

त्यात यंदा रेखानं, म्हणजे आमच्या बायकोनं, कॉलनीच्या फूल-प्रदर्शनीत नाव दिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा काही स्वतःच्या नावानं! शेवंतीच्या कुंड्या लेकरावानी जपल्या तिनं. नागपूरच्या बहिणीले फोन करून सांगतलं. मी म्हणलं, "कोणी एका कळीले हात लावून दाखवावं!" न कुंड्यांवर मोठा हॅलोजन ठोकला. रातभर चालू.

दिवाळी झाली. आमच्या साऱ्या हुडको कॉलनीत शेवंती कळ्यांनी भरली. शेजारच्या साहूजीकडं तर विचारूच नका. न आमची? नुसती हिरवीगार, उंचच उंच. कळी नावाले नाही.

रेखा रडकुंडीले आली. कळ्या गेल्या कुठी? भिंतीपलीकडं कोण राहते? साहूजी! गेलो तसाच बनियनवर.

"साहूजी, हमारी कली कौन तोड़ रहा है?"

"अरे भैया, कली आएगी तब न कोई तोड़ेगा! और सुनो, आपकी बत्ती सीधी मेरी खिड़की में आती है. बंद करो न."

अच्छा! बत्ती बंद करा, म्हणजे याले रान मोकळं! चोराच्या उलट्या बोंबा! दुसऱ्याच दिवशी मी दुसरा हॅलोजन लावला. घे, झोप आता!

मंग पोरगी आली रायपूरवरून. बॉटनी शिकते. तिनं कुंड्या पाह्यल्या, मंग वर पाह्यलं.

"बाबा, ये रात भर जलती है क्या?"

"तर! शोभेले लावली का?"

"अवो बाबा, झाडाच्या आत घड्याळ राहते."

"कुठी? मले तर नाही दिसलं!"

"बाबा! शेवंती रात्र मोजते. रात्र लांब झाली की तिले समजते, थंडी आली, आता कळ्या धराच्या. तुम्ही तिले रात्रच होऊ नाही दिली. ती अजून उन्हाळाच समजून राहिली."

"मंग साहूजीची कावून फुलली?"

"त्यांच्या कुंड्या भिंतीच्या आडोशाले आहेत. तिथं अंधार आहे."

"बत्तीनं झाडाले इतका काय फरक पडते?" मी म्हणलं न रेखा भडकली. "तुमाले नाइट शिफ्ट लागली की काय होते? जेवण पचत नाही, दिवसा झोप नाही, दिसंल त्याच्यावर खेकसता! माह्या शेवंतीले तुम्ही सारा मौसम नाइट लावली, तीबी विदाउट ऑफ!"

दोन्ही बत्त्या उतरवल्या. पण कळी धराले वेळ लागते. प्रदर्शनी काय माह्यासाठी थांबणार होती?

मी म्हणलं, "जाऊ दे, नाव मागं घेऊ." रेखा म्हणे, "कावून? नाव माहं आहे." नवी साडी नेसली न त्याच हिरव्या कुंड्या माह्याच डोक्यावर देऊन चालली. आजूबाजूले सारे पिवळे-पांढरे गेंद, न मधात आमचा तो पाला! माहा मलेच इतका राग आला की स्वतःच्या दोन कानाखाली द्याव्या असं वाटलं.

परीक्षक आला. बिचारा कुंडीच्या चारीकडून फिरला.

"बहनजी, इसमें फूल कब आएगा?"

रेखानं शांतपणे माह्याकडं बोट केलं. "इनसे पूछिए. मोहल्ले में रात कब होगी, ये तय करते हैं."

न तो भला माणूस खरंच माह्याकडं वळला, पेन उघडून.

"तो भाई साहब, कब होगी?"