निपाणी स्टँडवर दिसलेली कांडी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केलीय. तेव्हा माझी कुणी केली तर तक्रार नाही... पण हे सांगितल्याशिवाय चैन पडेना.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे, घरी साड्यांचा माग. शाळेतून आलं की मी आणि थोरली आक्का सुताच्या कांड्या भरायचो. त्या संपल्या की हातात व्हिडिओ गेम मिळायचा — पडद्यावरच्या रानात फिरून प्राणी पकडायचा. मला दांडगे, आग ओकणारे पाहिजे असायचे. आक्का नेमकं मरतुकडं बघून धरायची. एकदा मातकट रंगाची एक अळी धरली आणि वर तिचं नाव ठेवलं ‘कांडी’. मी चिडलो की म्हणायची, "दांडग्यांस्नी कोनबी नेतंय रं. हिला कोन नेनार?" लई सुखाचे दिवस होते ते.

पुढं आक्का आजारपणात गेली. तिची लेक चिनू आमच्याकडंच वाढली. गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून दाजींचा निरोप आला — दुसरं लग्न केलंय, पोरीला कायमची पाठवा. बापाची पोर, मी काय बोलणार? जीव तुटत होता, तरी घेऊन निघालो.

निपाणी स्टँडवर भर दुपारी कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होतो. चिनू माझ्या मोबाईलवर तसलाच एक नवा गेम खेळत होती. प्राणी येत होते, ती सोडून देत होती.

"कोनता धरू मामा? एकच जागा उरलीया."

तेवढ्यात गवतातून एक अळी आली. मातकट. डोक्यावर मराठीत नाव — कांडी.

आता, ह्या गेममध्ये रानातल्या प्राण्याला नाव देताच येत नाही, पकडल्यावरच देता येतं. आणि कांडीची गोष्ट मी चिनूला कधी सांगितलेली नव्हती, देवाशपथ. अंगावर सर्रकन काटा आला.

"धर तिला," मी कसंबसं म्हणालो.

चिनूनं मान हलवली. "नगं मामा. हिला नाव हाय, म्हंजे कुनाची तरी हाय ती. घरात हुडकत असतील." आणि सोडून दिली.

कोल्हापूरची गाडी लागली. मग पोरीची बॅग उचलली आणि पलीकडं बेळगावच्या गाडीत जाऊन बसलो. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

हा गेम जाणणाऱ्या कितीतरी जणांना विचारलं. असं होऊच शकत नाही म्हणतात. मलाही पटतं... पण मी पाहिलंय. दाजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेवढं मात्र मला समजतं.