लग्नपत्रिकेतला खोटा कंस

येळ्ळुरात राहिलेल्या आणि येळ्ळूर सोडून गेलेल्या माझ्या सर्व नातलगांस,

प्रथम तारखा. पहिली: माझा मॅट्रिकचा निकाल लागला त्या जूनमधला एक सोमवार, त्या दिवशी मी गाव सोडले. दुसरी: माझ्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापून आली तो वैशाखातला गुरुवार. तिसरी: गेल्या महिन्याची वीस तारीख, त्या दिवशी माझा पुतण्या महेश याच्या लग्नाची पत्रिका मला मोबाईलवर मिळाली आणि मी लिहून दिलेल्या मजकुरात परस्पर फेरफार झाल्याचे आढळले.

आता जबाबदार व्यक्ती. एक, माझा धाकटा भाऊ परशराम, वरपिता. दोन, हे स्थळ जमवणारे निपाणीचे मध्यस्थ, ज्यांना आपण सगळे मामा म्हणतो. तीन, बेळगावच्या खासबागेतला छापखानेवाला, ज्याने माझ्या अक्षरातला कागद समोर असताना तोंडी सांगितलेला मजकूर छापला. चौथ्या व्यक्तीचे नाव मी पुरावा मांडल्यावर घेईन.

फेरफार असा. मी लिहिले होते: चि. महेश (स्टाफ नर्स, बेळगाव). छापले गेले: चि. महेश (मेडिकल ऑफिसर, बेळगाव).

त्याच दुपारी महेशचा फोन आला. हा मुलगा कधी आवाज चढवत नाही; त्या दिवशीही चढवला नाही.

“काका, हे तुमी लिवलासा?”

“नाही.”

“मग बदलून घ्या. न्हायतर मी मंडपात उभा ऱ्हात न्हाय. दुसऱ्याच कुणाचं तरी लगीन हाय असं वाटतंय मला.”

लग्नाला एकोणीस दिवस उरले आहेत. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते एकट्या परशरामला न पाठवता तुम्हा सर्वांना पाठवीत आहे.

त्या सोमवारपासून सांगितले पाहिजे. आप्पांनी माझी ट्रंक स्वतः बसच्या टपावर चढवली. आईने नव्या तांदळाचे गाठोडे माझ्या मांडीवर ठेवले. त्याचा वास पुण्यापर्यंत पुरला. बस सुटायच्या बेतात असताना आप्पा खिडकीशी आले आणि म्हणाले, “हितली सरकारी खुर्ची कानडी मागत्या, आन् तू शिकलास मराठीत. तवा पुण्याला जा. मास्तर हो, न्हायतर वकील हो. पर माझ्यागत उनात हुबा ऱ्हाऊ नगंस.” चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभा राहून आयुष्य काढलेला तो माणूस. त्याने मला दोनच वाटा सांगितल्या, कारण त्याने तेवढ्याच पाहिल्या होत्या. मास्तर रस्त्याने निघाले की सायकलवरचा माणूस खाली उतरत असे, आणि वकील बेळगावहून गावात आला की देवळातली सतरंजी बाहेर काढली जात असे.

आपल्या घराण्यातल्या सर्व लग्नपत्रिका मी एका फाइलमध्ये जपून ठेवल्या आहेत. कोर्टाच्या सवयीने त्यांना निशाणी क्रमांक दिले आहेत. निशाणी एक, आत्याची पत्रिका: नावांपुढच्या कंसांत फक्त गावे आहेत. येळ्ळूर, सांबरा, खानापूर. माणूस कुठला, एवढेच पुरेसे होते. निशाणी दोन, धाकट्या चुलत्यांची: एका नावापुढे प्रथमच ‘मास्तर’ असे छापले आहे आणि त्यापुढचा पूर्णविराम इतका ठसठशीत आहे की जणू त्यापलीकडे सांगण्यासारखे काही उरतच नाही. माझ्या पिढीच्या पत्रिकांत वकील आले, बँक आली, पोस्ट आले. परशरामच्या मुलीच्या पत्रिकेत सगळीकडे इंजिनिअर. ज्याचा शेवटचा विषय अजून राहिला होता, तोही इंजिनिअर. आणि अलीकडच्या पत्रिकांत हुद्देही गळाले. आता कंसात देश असतो. पूर्वी पाहुणे विचारीत, मुलगा काय करतो? आता विचारतात, कुठे असतो?

महेशच्या पत्रिकेत माझ्या मुलाचे नाव आहे: श्री. निखिल (कॅनडा). निखिलची नोकरी दिवाळीच्या आधीच गेली. आज तो घरी बसून अर्ज करतो आहे. हे मी त्याच्या संमतीने लिहीत आहे, तो म्हणाला, “लिहा बाबा, निदान कुणी नोकरीबद्दल विचारणार तरी नाही.” म्हणजे ज्याच्या हाती आज काम नाही, त्याचा कंस निर्दोष ठरला. आणि जो रोज बेळगावच्या दवाखान्यात बारा-बारा तास उभा राहतो, त्याचा कंस खोडावा लागला.

गेल्या पावसाळ्यात परशरामच्या छातीत पाणी झाले आणि त्याला महेशच्याच दवाखान्यात ठेवले, तेव्हा मी पुण्याहून आलो होतो. मोठे डॉक्टर यायचे, कागद बघायचे, दोन वाक्ये बोलून पुढे जायचे. उरलेला सगळा दिवस महेशचा होता. बापाची कूस बदलणे, नळी तपासणे, त्याची लाज राखून अंग पुसणे. शेजारच्या खाटेवरचा आपल्याच गावचा म्हातारा त्याला हाक मारून म्हणत होता, “लेकरा, तुझा हात लागला की सुई टोचत न्हाय बघ.” हे परशरामने ऐकले आहे. मी साक्षीदार आहे.

म्हणून वीस तारखेलाच मी परशरामला फोन केला.

“हे कुणी केलं?”

“मामांनी सुचवलं. मी व्हय म्हटलो.”

“मुलीकडच्यांची फसवणूक करतोस?”

“कुणाची फसवणूक, अण्णा? तिच्या बापाला ठावं हाय. पोरीनं तर महेशला दवाखान्यात युनिफॉर्मवर बघूनच पसंत केलंय.”

“मग हे छापलं कुणासाठी?”

“वाचणाऱ्यांसाठी! बाप्या माणूस नर्स म्हटलं की लोक हसत्यात. साखरपुड्यातच एक पाहुणा मला म्हणला, व्हय ओ, पांढरी टोपी बी घालतोय काय तुमचा लेक? सगळी हसली. मीबी हसलो. काय करू?”

मी त्याला सांगितले की छापील पत्रिका म्हणजे लेखी निवेदन असते. त्यात जाणूनबुजून असत्य लिहिणे हे खोटेपणाचेच कृत्य आहे, मग त्याने कुणी फसो वा न फसो. मी बराच वेळ बोललो. परशरामने सगळे ऐकून घेतले आणि मग शांतपणे म्हणाला, “अण्णा, कायदा दुसऱ्याला सांग. तुझ्या पत्रिकेत काय छापलं हुतं, इसरलास?”

मी फोन ठेवला. फाइल काढली. निशाणी पाच.

चि. विठ्ठल (वकील, पुणे).

चौथी जबाबदार व्यक्ती मी आहे. तुमच्यापैकी कित्येकांना हे आज प्रथमच कळेल: मी वकील नाही. कधीच नव्हतो. मी एका वकिलांच्या कार्यालयात कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो. दिवसा टंकलेखन, संध्याकाळी लॉ कॉलेज, असे एक वर्ष केले. दुसऱ्या वर्षी परीक्षेला बसलो नाही. लग्न ठरले तेव्हा आप्पांचे पोस्टकार्ड आले होते: नावाफुडं काय घालायचं ते कळीव. मी उत्तर लिहिले, “अजून झालो नाही, पण होईनच.” आप्पांनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा धरला. छापलेली पत्रिका हातात आली त्या गुरुवारी आणखी एक कार्ड लिहून सगळे थांबवता आले असते. नगरपालिकेला, वीज मंडळाला, वर्तमानपत्रांच्या संपादकांना मी आयुष्यात शेकड्याने पत्रे लिहिली. ते एक लिहिले नाही.

पुढे तुम्ही मला वकीलसाहेब म्हणू लागलात. सातबाऱ्याचे उतारे, वाटणीचे कागद, पेन्शनचे अर्ज घेऊन पुण्याला आलात. तुमची कामे मी चोख केली. अर्ज लिहिण्यात मी कुठल्याही वकिलाला हार गेलो नसतो. आप्पांनी मात्र मरेपर्यंत एकच गोष्ट मागितली, मला काळ्या कोटात एकदा बघायचे. दर वेळी मी म्हणालो, कोट पुण्याला राहिला. शेवटी आप्पाच विचारायचे थांबले. त्यांना ठाऊक होते की नव्हते, याचा निवाडा आता कुणीच करू शकत नाही.

पुण्यातले शेजारी मला विचारतात, इतकी वर्षे झाली, अजून घर म्हणजे येळ्ळूरच का? मी हो म्हणत आलो. फाइल समोर घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की त्या गुरुवारनंतर मी माझ्या खऱ्या नावाने एकदाही घरी आलेलो नाही. दर यात्रेला बसमधून उतरत होता तो कंसातला माणूस. परशरामच्या मुलावर मी तीच शिक्षा लादली जाऊ देणार नाही. नाहीतर त्याला बेळगावात राहून, रोज संध्याकाळी घरी येऊन, परक्यासारखे जगावे लागेल. मला निदान पुण्याचे अंतर तरी होते.

म्हणून माझी मागणी. छापखानेवाल्याने माझ्या मूळ मजकुराप्रमाणे पत्रिका पुन्हा छापावी. मामांनी यापुढे कुणाच्याही मुलाच्या कामाची लाज परस्पर वाटून घेऊ नये. आणि लग्नाच्या दिवशी, अक्षता पडण्याआधी, माईकवरून पाहुण्यांची नावे पुकारली जातील, पुण्याहून आलेले वकीलसाहेब म्हणून मला फेटा बांधायला बोलावले जाईल, तेव्हा मी माईक हातात घेऊन प्रथम माझे सांगेन: मी विठ्ठल, निवृत्त कारकून. त्यानंतर फेटा बांधायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मग मी माईक परशरामकडे देईन आणि एकच प्रश्न विचारीन. परशराम, त्याचे उत्तर मला फोनवर नको, घरात कोपऱ्यात घेऊन नको, मामांच्या तोंडून नको. टोपीवरून हसलेला तो पाहुणा बसलेला असेल तिकडे तोंड करून, महेश ऐकत असताना, तू स्वतः उत्तर दे:

तुझा मुलगा काय काम करतो?

तुझा थोरला भाऊ,
विठ्ठल