गढूळ पाण्याची बाटली

मुलगी रडत नव्हती. खताच्या रिकाम्या गोणीत बांधलेली ती चार महिन्यांची मुलगी माझ्या हातात आली तेव्हा तिचे ओठ जांभळे होते. तिला पाठीशी बांधून दोराच्या आधारानं पाण्यातून आलेला तिचा बाप काठावर गुडघे टेकून ओकत होता. आई अजून पलीकडे, शेतातल्या कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, टिनावर बसलेली. पाणी टिनाच्या कडेला लागलं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. मी मुलीला पालथं धरलं आणि पाठीवर थापा मारल्या. सहाव्या की सातव्या थापेला तिच्या तोंडातून पाणी आलं आणि मांजरीच्या पिल्लासारखा आवाज निघाला. मग मी म्हटलं, "दोर परत फेका रे, बाई राह्यली."

तो दोर आमच्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतला होता. बैलचोरीच्या गुन्ह्यात जप्त केलेला, लाखेचा शिक्का आणि चिठ्ठी लावलेला. गावातून फोन आला तेव्हा ठाण्यात दुसरा दोरच नव्हता. तालुक्याला बचावाची एक बोट मिळालेली होती. तिच्यापुढे नारळ फुटला तेव्हा बंदोबस्ताला मीच उभी होते. त्या दिवशी ती बोट कुठे आहे हे सांगणारा माणूस सापडला नाही. खोलीची चावी माझ्याकडे होती. मी लाख तोडली आणि दोर जीपमध्ये टाकला.

नवरा पोलीस शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. शिक्षण सातवी. वाशिम जिल्ह्यातच सगळी नोकरी झाली आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. पुष्कळ गुन्हे पाहिले, बरेच विसरले. हा विसरता आला नाही. नाव कोणाचंच सांगत नाही, गावाचंही नाही.

त्या गावाच्या वर एक तलाव आहे. मातीची भिंत, आणि एका कडेला सांडवा, म्हणजे तलाव भरला की जादा पाणी बाहेर पडायची वाट. तीन दिवस सारखा पाऊस होता. चौथ्या दिवशी दुपारी सांडव्यातून एकदम लोंढा आला आणि खालच्या शेतात घुसला. कोठ्यात शेतमालकाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी, त्याची बायको आणि मुलगी राहत होती. आईलाही आम्ही काढलं. मुलीला वाशिमच्या दवाखान्यात भरती केलं. छातीत पाणी गेलं होतं, डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेतमालक फिर्याद घेऊन ठाण्यात आला. गावातला वजनदार माणूस. तलावात मासे पाळायचा ठेकाही त्याच्याकडेच होता.

"सांडव्यात मी जाळी लावली होती, वाळूची पोती रचली होती," तो म्हणाला. "मासे वाहून जाते म्हनून. कोन्यातरी हरामखोरानं ते समदं काढून टाकलं. माझं सोयाबीन गेलं. माझ्या सालदाराचं लेकरू मराले टेकलं."

"सरकारी सांडव्यात पोती रचायची परवानगी कोणी देली?" मी विचारलं.

"बाई, तुमी फिर्याद लिहून घ्या ना. मले कायले इचारता?"

फिर्याद लिहून घेतली. ठाणेदार साहेब पुढाऱ्यांच्या दौऱ्यात अडकले होते, म्हणून तपास माझ्याकडे आला. दौरे दोन्ही बाजूंचे होते. सरकारकडचे सकाळी आले. पारावर उभं राहून म्हणाले, शासनाची तयारी पूर्ण होती, हा समाजकंटकाचा घात आहे, त्याला शोधू. विरोधातले दुपारी आले. त्याच पारावरून म्हणाले, घात वगैरे काही नाही, तलाव सरकारचा, भिंत सरकारची, तयारी शून्य, राजीनामा द्या. माझ्या शेजारी एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "सकाळचे म्हनते पूर मानसानं आनला, दुपारचे म्हनते सरकारनं आनला. पान्याचं कोनी नावच नाही घेऊन राह्यलं."

एकाला आरोपी पाहिजे होता, दुसऱ्याला आरोपी नको होता. दोघांचेही फोन ठाण्यात येत होते. सापडेल त्याच्यावर भारी कलमं लागणार होती, आणि दवाखान्यात ती मुलगी दगावली असती तर त्याचा उरलेला जन्म तुरुंगात जाणार होता.

मी दोन पंच घेऊन सांडव्यावर गेले. नायलॉनची जाळी विळ्यानं कापलेली होती. पोती बाहेर काढलेली होती, पण फेकलेली नव्हती. काठावर एकावर एक नीट रचून ठेवलेली. घात करणारा माणूस पोती रचत बसत नाही. ती पुन्हा पाण्यात घसरून वाट अडवू नयेत याची काळजी कोणीतरी घेतली होती. पंचनाम्यात मी ते शब्दाला शब्द लिहिलं.

आणखी एक गोष्ट दिसली. सांडव्यापासून नाल्यापर्यंत पाण्याची जी वाट असते ती राहिलीच नव्हती. तिच्यावर नांगर फिरवून सोयाबीन पेरलेलं होतं, आणि कोठा बरोबर तिच्यात उभा होता.

खबर मिळाली ती आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईकडून. दाखला घ्यायला गेले होते, तर ती सहज बोलली, "काय दिवस आहेत मॅडम. काल तलावाजवळची मावशी आली होती. दोन्ही हातांची सालटं निघालेली, तीन नखं उपटलेली. विचारलं तर म्हणते, काटे येचत होती."

तलावाजवळ एकच घर होतं, जुन्या चौकीदाराचं. तो वारला होता. ती जागा पुन्हा भरली नाही. बायको एकटी राहत होती, पासष्टीची.

मी एकटीच गेले. दार उघडंच होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली फळीवर औषधाच्या काचेच्या बाटल्यांची ओळ. प्रत्येकीत पाणी. चूल थंड होती. बाई खाटेवर बसली होती, दोन्ही हातांना पट्ट्या.

"या पोलीसबाई," ती म्हणाली. "लेकरू कसं हाय?"

त्याच सकाळी मी वाशिमहून आले होते. रात्री मुलीचा ताप उतरला होता. आईच्या अंगावर पीत होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, आता भीती नाही. गावात मात्र लेकरू गेलं अशी बोलवा होती. बाईपर्यंत तेवढीच पोचली होती.

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, "मावशी, पोती कोणी काढली?"

"लेकरू हाय की नाही?"

"आधी पोत्यांचं सांगा."

हे आमच्या कामात शिकवावं लागत नाही, ते आपोआप येतं. समोरच्याला काय पाहिजे ते ओळखायचं आणि हातात धरून ठेवायचं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्या पट्ट्यांकडे. पाव तास तरी गेला असेल. शेवटी ती बोलली.

"मीच काढली. एकटीनं. सकायपासून लागली होती, दुपार झाली. लिहून घ्या. त्या कोठ्यात मानसं हायेत हे मले ठाव नव्हतं, दोन वर्सं झाली तो रिकामा होता. लेकरू गेलं असन त जे करायचं ते करा. पन सांगा."

"आहे," मी म्हटलं. "बरं आहे. दूध पिऊन राह्यलं."

ती उठून चुलीपाशी गेली. काडी ओढता येईना. मी तिच्या हातातून पेटी घेतली. घटनेच्या दिवसापासून तिच्या पोटात काही नव्हतं. त्या हातांनी पीठ मळणं शक्य नव्हतं. भाकरी मी थापल्या. आरोपीच्या घरी जेवू नये असा नियम आहे. आम्ही दोघींनी भाकर आणि ठेचा खाल्ला. जबाब मी नंतर लिहिला.

"कायले काढली पोती?" मी विचारलं.

तिनं फळीकडे बोट केलं. "आमचे हे दर पावसाळ्यात भिंतीच्या पायथ्याचं पानी बाटलीत भरून ठेवत. मातीच्या भिंतीतून पानी पाझरतेच. नितळ पाझरलं त भिंत धड हाय. गढूळ आलं त समजा, आतली माती चालली. हे गेले, मंग मी भरू लागली."

बाटल्यांवर वर्षाच्या चिठ्ठ्या होत्या. जुन्या वळणदार अक्षरात, नंतरच्या वाकड्यातिकड्या. सगळ्यांत पाणी नितळ. शेवटच्या बाटलीत तळाला दोन बोटं माती बसलेली. मी ती हलवली तशी चहासारखी झाली. चिठ्ठीवर एका सरकारी कार्यालयाचा आवक शिक्का होता, तारखेसह. तारीख घटनेच्या आदल्या दिवसाची.

"हा शिक्का कुठून आणला?"

"दोन बाटल्या भरल्या, गाडीत बसली, तालुक्याले गेली. पयल्या हापिसात म्हने, हा तलाव आमच्याकडे येत नाही, त्या हापिसात जा. तिथं म्हने, साहेब बैठकीले गेले. म्हटलं, कायची बैठक? त म्हने, आपत्तीची." ती पहिल्यांदा हसली. "म्हटलं, आपत्ती त मी बाटलीत घेऊन आली. बाबू म्हने, ठेवून जा. म्हटलं, एक ठेवते, दुसरीवर शिक्का मार, नाही त हलत नाही."

"गावात नाही सांगितलं?"

"सांगतलं ना. पोट्टे म्हने, बुढे, मोबाईलवर इशारा नारंगी हाय, लाल झाला की पाहू. सरपंच म्हने, वरून आदेश नाही. मंग सांडवा मोकळा कराले विळा घेतला. भिंत फुटली असती त खाली एक घर नसतं राह्यलं."

मी त्या कार्यालयात गेले. आवक रजिस्टरला नोंद होती, 'पाण्याची बाटली, एक.' बाबू पन्नाशीचा होता. मी काही विचारायच्या आत त्यानं टेबलाखालून बाटली काढून समोर ठेवली.

"फेकली नाही," तो म्हणाला.

"जबाब द्याल?"

तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसला. मग म्हणाला, "लिहा." त्याला अजून नोकरी करायची होती, हे मी विसरलेले नाही.

दोन्ही बाटल्या मी पंचांसमोर जप्त केल्या. संध्याकाळी साहेबांना फोन आला, ती बाटली पंचनाम्यात घ्यायची गरज काय होती. दुसऱ्या दिवशी विरोधातले लोक हार घेऊन बाईच्या दारात. तिनं त्यांच्या मंचावर बसावं, बाटली दाखवावी.

ती दारातूनच बोलली. "सांडव्याच्या वाटेत नांगर फिरला तवा तुमीबी गावच्या पारावर चहा पेत होते. जा, बापा. त्या हाराची फुलं चांगली हायेत, कोन्या बाईले द्या."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, कबुली आहे. अटक दाखवायची का?"

मी म्हटलं, "साहेब, दाखवा. पण मग पुढच्या पावसाळ्यात भिंत कोण पाहील तेही कागदावर लिहा."

साहेब तरुण होते पण कान होते त्यांना. अटक झाली नाही. गुन्हा 'क' समरीत गेला, म्हणजे घडलं ते खरं, पण त्यात गुन्ह्याचा हेतू नाही. कोर्टानं ती मान्य केली. सांडव्याची वाट मोजणी होऊन मोकळी व्हायला दोन वर्षं लागली. भिंत नेमकी कोणत्या खात्याची, हे मी निवृत्त झाले तोवर ठरलं नव्हतं.

नोटीस मात्र मला आली. मुद्देमालाचा शिक्का विनापरवाना तोडल्याबद्दल खुलासा मागितला होता. मी लिहिलं, 'दोर वापरला. तीन माणसं काढली. दोर परत ठेवला आहे, अजून ओला आहे.' सक्त ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे.

जबाबदारी कोणाची यावर त्या पारावर मी दोन्ही भाषणं उभी राहून ऐकली. मला एवढंच समजलं, की बाटली ज्याच्या टेबलावर ठेवली, त्या घडीपासून ती त्याची. मग तो कोणत्याही पक्षाचा असो की खात्याचा. पण हे दुसऱ्याला सांगताना मला तो पाव तास आठवतो. उत्तर माझ्याजवळ होतं आणि समोर एक बाई त्या उत्तराविना उपाशी होती. मी ते दाबून बसले, त्या कार्यालयातल्या लोकांसारखीच. त्यांना निदान माहीत नव्हतं पाणी किती चढलं आहे. मला सगळं माहीत होतं. नंतर नोकरीत मी पुष्कळांशी कडक वागले, पण कोण जगलं आणि कोण गेलं हे कोणापासून पुन्हा लपवलं नाही.

त्या पाण्यातून सालदार वाचला, त्याची बायको वाचली आणि मुलगी वाचली. भिंतीखालचं गाव वाचलं. तलावाजवळची मावशी अजून आहे. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत, म्हणून बाटली ती डाव्या हातानं भरते.