साडीचा पन्हा

दादरला हिंदमात्याच्या त्या साडीवाल्याची मी अजून माफी मागितलेली नाही. आठवलं की माझा माझ्यावरच जळफळाट होतो.

झालं असं, की आईची नवी साडी पायात यायला लागली. चाळीच्या जिन्यात ती दोनदा अडखळली. बाबा उसळलेच. गिरणीत साच्यावर जन्मभर कापड विणलेला माणूस. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, पण कापडाचा ताठा गेला नाही. "पन्हा जास्त सोडलाय मेल्यांनी!" म्हणाले. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, नेसल्यावर साडीची उंची. निघालो तिघं भांडायला.

साडीवाल्याने निमूट टेप लावली. पन्हा बरोबर. बाबा म्हणाले, टेपच खोटी. मी शिकलीसवरलेली, ऑफिसात जाणारी. मीही त्याला चार गिऱ्हाइकांसमोर लबाड म्हणाले. आई काउंटरला हात टेकून मागे उभी होती.

घरी येऊन बाबांनी ट्रंकेतून त्यांच्या गिरणीची जुनी साडी काढली आणि नवीवर पसरली. काठाला काठ लागला. मग आईला ती जुनी नेसायला लावली. तीही पायात! आमच्या अकलेचं दिवाळं बघा. विणकराने आणि त्याच्या लेकीने कापड दोनदा मोजलं, पण आतली बाई मोजायचं काही सुचलं नाही. आईच खुजी झाली होती.

पाठ दुखते म्हणून ती दोन वर्षं सांगत होती. शेजारणी म्हणायच्या, वात आहे, तेल चोळ. नाक्यावरचा डॉक्टर म्हणायचा, "वय झालं, बायका वाकणारच." वाकणारच? का म्हणून? आणि आम्ही माना डोलावत घरी यायचो!

परळच्या मोठ्या इस्पितळात फोटो काढला तेव्हा पाठीचे दोन मणके दबलेले निघाले. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पाळी गेली की बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, कळतही नाही. उंची कमी होणं ही एक खूण. औषध लिहून दिलं. रोज चाला, उन्हात बसा, नाचणी खा, बारीक मासे काट्यांसकट खा म्हणाल्या. "पण पडायचं नाही हं, आजी. खुबा मोडला तर उठणं कठीण." मग विचारलं, "दूध किती घेता?"

"माका आवडना नाय," आई म्हणाली. "माझो चहा कोरोच."

साफ खोटं! संपात दुधाची एकच पिशवी यायची, ती आम्हा भावंडांची. तेव्हा तिने स्वतःचा चहा कोरा केला. "संप मिटलो की घालतलंय दूध," म्हणायची. संप कोणी मिटवलाच नाही. गिरणीच्या जागी काचेची ऑफिसं आली, आम्ही कमवायला लागलो, घरात फ्रिज आला, त्यात दूध आलं. हिचा कप कोराच. आणि मी नवऱ्याला कौतुकाने सांगायचे, आमच्या आईला कोरा चहाच लागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकट्या चहाने हाडं जात नाहीत. मान्य. पण इतक्या वर्षांत तिला दूध घे म्हणायला कोणाची जीभ झडली होती का?

घरी येऊन मी तिच्या साड्यांना खालून दुमड घातली. कपभर दूध तिच्यापुढे ठेवलं. तिने सवयीने ते बाबांकडे सरकवलं.

आमचे बाबा म्हणजे, संप मिटला असं कोणी नुसतं म्हटलं तरी अंगावर धावून जाणारे. "मागे घेतलाय कोणी? दाखव कागद!" त्यावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेलं. त्यांनीच कप उचलून तिच्या हातात दिला.

"संप मिटलो गे," म्हणाले. "पी आता."