पपनसाची नानकटाई

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसले की ओठांपर्यंत यायचं — तिथेही मी दुसरंच काहीतरी पुटपुटून उठायची. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझ्या गावचे नाही, एवढंच कारण असेल. दुसरं काही सापडत नाही.

आमची श्रीवर्धनला नारळी-पोफळीची वाडी. घरात सासूबाई, आम्ही दोघी जावा, आमचे नवरे आणि थोरल्या जाऊबाईंची तीन मुलं. जाऊबाईंना मी माई म्हणायचे. सुमी त्यांची धाकटी, चार वर्षांची. त्या वर्षी अख्खा पावसाळा ती तापाने अंथरुणाला खिळून होती. दिवाळीच्या सुमाराला कुठे उठून हिंडायला लागली — काडीसारखे हातपाय आणि चेहऱ्यावर नुसते डोळे. मला तेव्हा मूल नव्हतं. ती माझाच पदर धरून असायची.

नको. सुमीपासून सुरुवात करायला नको होती. आधी नानकटाईचं सांगते.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. साखर रेशनवर मिळायची. दिवाळीची साखर सासूबाई वर्षभर मूठ मूठ बाजूला टाकून साठवत आणि डबा आपल्या खोलीत ठेवत. फराळाची कामं वाटलेली असत. लाडू त्यांचे, चकल्या-कडबोळी माईंची, नानकटाई माझी. आता नानकटाईत काय एवढं असतं? रवा, मैदा, तूप, साखर. कुणीही करील. पण मला कुणीही करील असं करायचं नव्हतं. लग्नाआधी मुंबईला मामाकडे मी संत्र्याच्या सालीची बिस्किटं खाल्ली होती, ती चव माझ्या डोक्यात बसलेली. श्रीवर्धनला संत्री कुठली — पण आमच्या विहिरीपाशी पपनसाचं झाड होतं. एरवी गर खाऊन साल गुरांपुढे टाकायची. मी ठरवलं, ती साल पाकवायची आणि नानकटाईत घालायची. घरात धाकट्या सुनेचं नाव व्हावं, एवढंच मनात होतं. हसू येतं ना? मलाही यायचं, पूर्वी.

सालीच्या आतला पांढरा कापूस काढला. हिरव्या भागाच्या काड्या चिरल्या. कडूपणा जावा म्हणून पाणी बदलून बदलून उकळल्या. मग साखरेचा पाक केला आणि त्यात ईडलिंबाचा रस चांगला सढळ हाताने पिळला. सासूबाई वाडीत गेलेल्या असताना त्यांच्या डब्यातून घेतलेली साखर होती ती. न विचारता घेतलेली.

आणि पातेलं.

कल्हईवाला त्या वर्षी पावसाळ्यानंतर अजून फिरकला नव्हता. चांगली भांडी फराळात अडकलेली. फळीवर एक पितळेचं पातेलं उरलं होतं, आतली कल्हई उडून तळ पिवळा पडलेला. असल्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, पोटात गेलं तर बाधतं — हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? मला ठाऊक होतं. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला पळायला जागा उरणार नाही.

घटकाभराचा तर प्रश्न, असं म्हणून मी साल त्यात शिजवली. पाक मुरायला हवा म्हणून झाकून ठेवली. मग पाहुणे आले, त्यांची पानं वाढली, आवराआवर झाली — पातेलं तसंच राहिलं. सकाळी झाकण काढलं तर पाकाच्या कडेला निळसर हिरवी रेघ. मी एक काडी जिभेवर ठेवली. तांब्याचा पैसा चाटावा तशी चव. मी ती थुंकून टाकली, चूळ भरली.

टाकून द्यायला काय झालं होतं? साखर कुठे गेली म्हणून सासूबाईंनी विचारलं असतं. रागावल्या असत्या, दोन दिवस बोलल्या नसत्या. बस्स, एवढंच. एवढ्याला भिऊन मी ती साल पाण्याने धुतली, पिळली, बारीक चिरली आणि पिठात मळली. चव झाकायला वेलची-जायफळ दुप्पट घातलं. साल मुळात हिरवीच, रंगावरून कळणार कुणाला? पातेलं चिंच-राखेने लख्ख घासून फळीवर पालथं घातलं.

कासमभाईंची भट्टी बाजाराच्या टोकाला होती, नारळाच्या झापांनी शाकारलेली. रोज पाव, आणि दिवाळी-ईदेला घरोघरच्या बायकांचे नानकटाईचे पत्रे भाजायला. सासूबाई भट्टीतलं खात नसत, पण आम्हाला कधी अडवलं नाही. मी पत्रा घेऊन गेले, सुमी पदराला होतीच. आधीच्या बायकांचं व्हायचं होतं, म्हणून पत्रा बराच वेळ छपराखाली पडून राहिला. कासमभाईंनी सुमीला उबेला बसवलं. भाजून झाल्यावर लांब दांड्याच्या फळीने पत्रा ओढला, एक नानकटाई फोडली, फुंकून गार केली आणि सुमीपुढे धरून माझ्याकडे बघितलं.

"देव का बायला?"

मी म्हटलं, "द्या."

सुमीने ती खाल्ली. चुरा लागलेलं तोंड वर करून हसली. आणि मला — काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. खाल्ली की हिने, काही झालं नाही की!

घरी मुलांनी खाल्ल्या, आम्हा दोघींच्या नवऱ्यांनी खाल्ल्या, मीही एक खाल्ली. "काय वास सुटलाय गं," माई म्हणाल्या. ते कौतुक मी ऐकलं. संध्याकाळपर्यंत घरात एकेक जण उलट्या करू लागला. मोठी माणसं आणि माईंची थोरली दोन मुलं सावरली. सुमीच्या अंगात मुळी काही नव्हतंच. पाण्याचा घोटसुद्धा तिच्या पोटात राहीना.

डॉक्टर आले. त्यांनी मला विचारलं — माईंना नाही, मला, कारण केलं होतं मी — "यात काय काय घातलं होतंत?" मी सगळं सांगितलं. रवा, मैदा, तूप, साखर, पपनसाची साल. पातेलं सांगितलं नाही. "भाजलं कुठे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कासमभाईंच्या भट्टीत." आणि मीच पुढे म्हणाले, "त्यांच्या छपरात पाली फार आहेत."

शब्द न् शब्द खरा होता त्यातला. पाली होत्याच. कुणाच्या छपरात नसतात?

त्या वेळी पातेल्याचं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं असतं का? सुमी वाचली असती का? मी पुढे कितीतरी डॉक्टर बघितले, माझ्या आजारपणात, नवऱ्याच्या आजारपणात. एकालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना.

सुमी दुसऱ्या दिवशी गेली. भाऊबीज होती.

पाल पडली होती, हे गावात पसरायला वेळ लागला नाही. पत्रा छपराखाली पडून होता हे बायकांनी पाहिलेलं. मग पालीवरही थांबलं नाही. दिवस तसेच होते. कासमभाई मुसलमान, आमचं घर हिंदू — कुणी कुणी नको ते बोलू लागलं. दादा, म्हणजे सुमीचे वडील, त्यांनी तेवढं थोपवलं. पण भट्टीवर पाव घ्यायला माणूस फिरकेना. त्यांच्याच आळीतल्या बायकासुद्धा मुलांना पाठवीनात. मी खिडकीतून बघायची. सकाळी भट्टीचा धूर निघायचा आणि समोर कुणी नाही.

मग एक दिवस त्यांनी छप्परच उतरवलं. सगळी झापं काढून अंगणात टाकली. आत पाली निघाल्या. निघणारच.

त्या दुपारी ते आमच्या ओटीसमोर येऊन उभे राहिले. वर या म्हटलं तरी येईनात. मला वाटलं, भांडायला आले. पातेल्याचं कळलं असेल, माझं नाव घेतील. पण ते रडत होते. एवढा दांडगा माणूस, हात जोडून.

"वैनी, माज्या हातून झाला," ते म्हणाले. "पत्रा झाकायला पायजे होता. मी म्हनत होतो, माज्या भट्टीत काय नाय. छप्पर उतरवला नि बगितला. पोरीला मीच दिलाव, ह्या हातान. माफ करा मला."

माई उठून आत गेल्या. दादा खाली मान घालून बसले. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. ते तसेच उभे. आणि मग मी — मी पुढे झाले.

"जाऊ द्या कासमभाई," मी म्हटलं. "तुम्ही काय मुद्दाम केलंत? मी माफ केलं तुम्हाला."

हीच ती गोष्ट. पातेलं नाही, डॉक्टरांपुढची पालही नाही. त्या गोष्टी भीतीपोटी झाल्या, असं एखाद्याला म्हणता येईल. मी म्हणत नाही. पण त्या दुपारी मला कुणी काही विचारलं नव्हतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी आपण होऊन तोंड उघडलं, आणि माझ्या पापाची माफी त्यांना दिली. नवरा रात्री म्हणाला, "केवढं मन आहे गं तुझं." गावातल्या बायका म्हणाल्या, सुमी हिच्या अंगाखांद्यावर वाढली तरी हिने राग धरला नाही. ते सगळं मी घेतलं. एकदाही हात मागे केला नाही.

कासमभाईंनी भट्टी विझवली आणि मुंबईला कुणाच्या तरी बेकरीत मजुरीला गेले. वर्षा-दोन वर्षांनी गावी यायचे. रस्त्यात मी दिसले की बाजूला होऊन मान खाली घालायचे, देवळासमोरून जाताना माणूस घालतो तशी.

माई माझ्याशी शेवटपर्यंत चांगल्या वागल्या. पुढे मला मुलगी झाली, तिला त्यांनीच न्हाऊमाखू घातलं. दर दिवाळीला फराळ मांडून झाला की कोपऱ्यात जाऊन बसायच्या. मी जाऊन शेजारी बसायची. त्या माझा हात धरायच्या. कितीदा वाटलं, आता सांगावं. नाही सांगितलं. त्या गेल्या तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

कासमभाई गेले ते साठ सालानंतर कधीतरी, आजारी होऊन गावी आल्यावर. मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. जायला हवं असं मला नवऱ्याने सांगितलं, नाहीतर गेले नसते. त्यांची बायको हलिमा चटईवर बसली होती. मला बघून उठली, चहा ठेवला. नको म्हटलं तरी ठेवला. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "शेवटपर्यंत तुमचा नाव काढीत होते. बोलायचे, सगल्या गावान मला टाकला, एकल्या त्या वैनीन माफ केला. तेवड्यावर जगलो बोलायचे."

घरात आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. तिला सांगायला काहीही आड येत नव्हतं.

"चांगला माणूस होता," मी म्हटलं, आणि चहा पिऊन घरी आले.