पंखाची वीतभर शिवण

माधवनगरच्या गिरणीत बनुबाई फाटलेलं कापड सांधायची. १९४८ साली इस्लामपूरजवळच्या पडीक रानात एक जुनं, हलकं विमान उतरलं आणि बाभळीला घासून त्याच्या पंखाचं कापड फाटलं. मुंबईहून नवं यायला महिना लागला असता, म्हणून वैमानिक साठे गिरणीचं चिवट कापड आणि बनुबाईला घेऊन रानात आले.

दुपारपर्यंत तिनं ठिगळ शिवलं. साठ्यांनी वरून रोगण फासलं. ते वाळू लागलं तसं कापड ताणलं गेलं आणि कडेचा एक टाका किंचित सरकला. मेण लावलेला पक्का दोरा संपल्यावर शेवटची वीतभर शिवण तिनं साध्या दोऱ्यानंच घातली होती. कुणाला ठाऊक नव्हतं. साठे तर इंजिनाकडं निघाले होते.

"सायेब, थांबा! वर वाऱ्यात ही शिवण न्हाई टिकायची."

"बाई, हे आत्ता सांगताय?"

"चूक माजी हाय," म्हणत तिनं स्वतःच शिवणीला कातरी लावली. साठे रागानं तोंड फिरवून उभे राहिले.

गिरणीतून मेणाचा दोरा आणवून तिनं सांजेपर्यंत पुन्हा शिवलं. सकाळी विमान उसाच्या शेंड्यांवरून वर चढलं. साठ्यांनी हात हलवला, पण बनुबाईची नजर पंखाच्या कडेवरच होती. विमान दिसेनासं झालं, तेव्हाच ती बांधावर बसली.